काळे कोट आणि रफूचे केस

मी एक जुना ब्रश आहे. माझे निम्मे केस गळून गेले आहेत, हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कुणी माझ्याकडे बघून हसायला नको. मित्रांनो, दात घासणारे, बूट चमकवणारे, भिंती रंगवणारे असे माझे भाऊबंद तुम्ही पाहिले असतील. मी त्यांच्यातला नाही. मी कपडे झाडायचा ब्रश. सगळी हयात शिंप्याच्या दुकानात गेली. पण माझ्या हातून जे सगळ्यात मोलाचं काम झालं, ते कोटावर झालं नाही, एका सशाच्या पाठीवर झालं. ते कसं, तेच सांगतो.

माझा जन्म एका बोळातल्या कारखान्यात झाला. कारखाना म्हणजे एक खोली, एक खिडकी आणि एक म्हातारा कारागीर. त्याने गुळगुळीत लाकडाला बारीक भोकं पाडली आणि घोड्याच्या केसांचे झुबके तारेने ओढून एकेका भोकात घट्ट बसवले. काम संपल्यावर त्याने मला स्वतःच्या गालावरून फिरवून पाहिलं. गालाला टोचला तर तो ब्रश त्या खोलीबाहेर पडत नसे. मी बाहेर पडलो.

मला विकत घेतलं ते एका तरुण शिंप्याने. त्याने नुकतंच दुकान थाटलं होतं. काळाच्या ओघात तो तरुण शिंपी ‘मास्तर’ झाला, आणि त्यांचं खरं नाव बहुधा त्यांनाही आठवेनासं झालं. मास्तर कोट शिवत. शिवून झालेला कोट इस्त्री करून लाकडी हँगरवर चढवला की माझी पाळी येई. आधी कॉलर, मग खांदे, मग पाठ, नेहमी वरून खाली. उलटा हात म्हणून कधी फिरायचा नाही. गिऱ्हाईक आरशासमोर उभं राहिलं की मास्तर मला शेवटचा एकदा खांद्यावरून फिरवत आणि एक पाऊल मागे सरत. “मास्तर, तुमच्या कोटावर धूळसुद्धा परवानगी काढून बसते,” असं एक वकीलसाहेब म्हणाले होते. मास्तर लाजले. मी लाजू शकत नव्हतो, नाहीतर मीही लाजलो असतो.

दुकानात आणखी एक माणूस होतं. मास्तरांची थोरली बहीण, आक्का. काज करावं तर आक्कांनी. बटण ज्यातून जातं ती चीर, तिच्या कडेने त्या रेशमी दोऱ्याचे टाके असे घालत की टाका कुठे सुरू झाला आणि कुठे संपला हे शोधूनही सापडत नसे. चाळीस वर्षं त्या एकाच खुर्चीवर बसून काज करत होत्या. मग त्यांच्या डोळ्यांत धुकं उतरलं. डॉक्टर झाले, चष्मे झाले, पण धुकं पुरतं गेलं नाही. एकदा मास्तरांनी आक्कांचं एक वाकडं काज गुपचूप उसवलं आणि स्वतः पुन्हा केलं. त्यांना वाटलं, कुणाच्या लक्षात आलं नाही. आक्कांनी दुसऱ्या दिवशी त्या काजावरून नुसतं बोट फिरवलं आणि त्यांना सगळं कळलं. आठवड्याने मास्तर म्हणाले, “आक्का, पुष्कळ केलंस गं आजवर. आता आराम कर.” आक्कांनी सुयांची डबी मिटली आणि त्या रिकाम्या हातांनी त्याच खुर्चीवर बसून राहिल्या.

माझेही दिवस फिरले होते. बाजारात चिकट कागदाची गुंडाळी आली होती. कोटावरून फिरवली की धागा, धूळ, कोंडा सगळं तिला चिकटतं, वरचा कागद फाडून फेकला की पुन्हा ताजी. मी टेबलाजवळच्या खिळ्याला टांगला गेलो. मास्तर कोट पोचवायला बाहेर निघाले की सवयीने मला खिशात टाकत, एवढाच काय तो मान उरला.

अशा दुकानात एके दिवशी मास्तरांची मुलगी आली. ती रुग्णालयात परिचारिका. दुसऱ्या गावी बदली झाली होती, आणि तिकडच्या घरमालकाने प्राणी चालणार नाही म्हणून बजावलं होतं. तिच्या हातात एक टोपली होती आणि टोपलीत एक ससा.

“बाबा, आठच दिवस सांभाळा. मी दुसरं घर शोधते.”

“कापडाच्या दुकानात ससा?” मास्तरांनी टेप गळ्यातून काढून टेबलावर आपटला. “आज कापड खाईल, उद्या मलाच खाईल.”

“गवत खातो तो, बाबा. तुम्ही काय गवत आहात?”

आक्का हसल्या. बऱ्याच दिवसांनी मी त्यांना हसताना पाहिलं. त्यांनी टोपलीत हात घालून सशाला चाचपलं. राखाडी अंग, आणि पाठीवर पांढऱ्या केसांचा एक लहानसा चौकोन. भोक बुजवायला चुकीच्या रंगाचा दोरा घेतला की जसं दिसतं, अगदी तसं. आक्कांनी डोळे बारीक करून तो डाग पाहिला आणि म्हणाल्या, “अगं, हा तर रफू केलेला आहे!” झालं, नाव पडलं. रफू. पहिल्याच दुपारी तो कापडाच्या गठ्ठ्यांमागे असा काही दडला की तासभर सापडेना. मास्तर म्हणाले, “रफूचक्कर झाला वाटतं. बरं झालं.” पण गठ्ठे हलवत होते तेही तेच.

आठ दिवसांचे आठ महिने झाले. मुलीची घरं पाहणं चालूच होतं, आणि खरं सांगायचं तर तिला कुणी घाईही करत नव्हतं. रफू आक्कांच्या खुर्चीखाली बसे. गवत खाताना त्याच्या दातांचा जो कर्रकर्र आवाज येई, तो मास्तरांच्या कात्रीसारखाच असे. कधी कधी दोघे एकदमच सुरू होत. आक्का मग म्हणत, “दोन कारागीर लागले कामाला.” दर शनिवारी मास्तर गावाच्या टोकाला असलेल्या गुरांच्या खाद्याच्या दुकानातून सुक्या गवताची पिशवी भरून आणत. कुरकुरत आणत, पण आणत.

मग ऋतू पालटला आणि रफूचे केस गळू लागले.

मित्रांनो, तुम्ही सशाचे केस गळताना पाहिले नसतील तर तुम्हाला खरं वाटणार नाही. तो नुसता उठून बसला तरी मागे केसांची चटई राही. केस हवेत तरंगत, चहाच्या कपात उतरत, मास्तरांच्या भुवयांवर जाऊन बसत. माझं म्हणाल तर मला तो ससा तेव्हा मुळीच आवडत नव्हता. जन्मभर ज्या केसांशी झगडलो तेच केस हे जनावर चार पायांवर दुकानभर शिंपडत हिंडत होतं.

त्यातच मास्तरांना मोठं काम मिळालं. एका वाद्यवृंदाचे बारा कोट. काळे. काळा रंग म्हणजे शिंप्याची परीक्षा. त्यावर काहीही लपत नाही. दोन आठवड्यांत कार्यक्रम होता. पहिल्या कोटाचं माप बघायला वाद्यवृंदाचे प्रमुख स्वतः आले. उंच, करड्या मिशांचे, मोजकं बोलणारे गृहस्थ. मास्तरांनी त्यांना कोट घातला. त्यांनी आरशात पाहिलं, हात वर केले, वाजवणाऱ्यांना इशारा देतात तसे खाली आणले, आणि सटासट तीन वेळा शिंकले. मग कॉलरवरून चिमटीने केसांचा एक पुंजका उचलला.

“मास्तर, मी कोट सांगितला होता. ससा नव्हे.”

बस्स, एवढंच म्हणाले. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गेल्यावर मास्तरांनी कोट पुन्हा हँगरवर चढवला. मग त्यांनी रफूला उचललं, मागच्या खोलीत ठेवलं आणि दार ओढून घेतलं.

“कोट जाईपर्यंत हा बाहेर दिसता कामा नये.”

आक्का खुर्चीवरून उठल्या. एका हाताने भिंत आणि दुसऱ्या हाताने खुर्ची धरून ती ओढत ओढत त्याही मागच्या खोलीत गेल्या. मास्तर म्हणाले, “तू कशाला चाललीस? तुला कोण काही बोललं?” आक्का म्हणाल्या, “मलाही काम नाही, त्यालाही नाही. बसू दोघं.” आणि दार त्यांनी आतून लावून घेतलं.

पुढचे दहा दिवस दुकानात शिवणाच्या मशीनशिवाय दुसरा आवाज नव्हता. मास्तर जेवायचे तेसुद्धा उभ्या उभ्या. शनिवार आला. आक्कांनी दार किलकिलं करून सांगितलं, “गवत संपत आलंय रे.” मास्तर तोंडात टाचण्या धरून म्हणाले, “उद्या आणतो.” उद्याचा परवा झाला. परवाचा तेरवा झाला. आक्कांचे गुडघे गावाच्या टोकापर्यंत जाणारे नव्हते. पण रफू उपाशी राहिलेला त्यांना कसा बघवेल? त्या आपल्या ताटलीतलं त्याला देऊ लागल्या. पावाच्या कडा, चहातलं बिस्किट, गाजराचे जाड जाड काप. बिस्किट त्याला भारी आवडलं. तो मागल्या पायांवर उभा राहून मागू लागला आणि आक्का कौतुकाने आणखी देऊ लागल्या. दोष कुणाला द्यायचा, मित्रांनो? एकाला सवड नव्हती, आणि दुसरीकडे माया होती पण माहिती नव्हती.

मागची खोली लहान. पळायला जागा नाही. रफू दिवसभर एका कोपऱ्यात बसून अंग चाटे. केस गळतच होते, विंचरणारं कुणी नव्हतं, म्हणून जे सुटत ते सगळे त्याच्या जिभेवाटे पोटात जात. आक्का रोज सकाळी केर काढून सुपली माझ्या खिळ्याखालून नेत. मी वरून पाहत असे. आधी त्या सुपलीत वाटाण्याएवढ्या गोल, कोरड्या लेंड्या असत, गवताच्या भुशाने भरलेल्या. मग त्या मिऱ्याएवढ्या झाल्या. मग एके दिवशी मी पाहिलं, की दोन-तीन लेंड्या एका केसात ओवल्यासारख्या लोंबत आहेत, माळेतल्या मण्यांसारख्या. आक्कांच्या डोळ्यांना ते दिसलं नाही. मला दिसलं, पण मला तोंड नाही. इतक्या वर्षांत तोंड नसल्याचं मला एवढं वाईट कधी वाटलं नव्हतं.

बारावा कोट इस्त्री होऊन टांगला गेला त्या सकाळी आक्का बाहेर आल्या. त्यांच्या हातात रिकामी सुपली होती.

“रफूने कालपासून तोंड लावलं नाही कशाला. बिस्किटसुद्धा नको म्हणतो. आणि केरात एक लेंडी नाही.”

“रुसला असेल,” मास्तर कोट मोजत म्हणाले. “मला अकराच्या आत पोचायचंय, आक्का. आल्यावर बघतो.”

“अरे, दात खातोय तो. कर्रकर्र. पुढ्यात गवत नाही, काही नाही, आणि नुसते दात खातोय.”

“आलोच मी.”

त्यांनी मला खिशात टाकलं आणि बारा कोट गाडीत घालून आम्ही निघालो.

कोट छान झाले होते, हे मी सांगायलाच हवं. प्रमुखांनी एकेक कोट खिडकीच्या उजेडात धरून पाहिला आणि शेवटी मास्तरांचा हात हातात घेतला. पण मास्तरांचं लक्ष नव्हतं. मी त्यांच्या खिशात होतो, मला कळत होतं. त्यांची बोटं सारखी माझ्यावर येत होती. चहा न घेताच ते निघाले.

दुकानाला कुलूप होतं. शेजारचा घड्याळवाला भिंग डोळ्यावरून काढून म्हणाला, “आक्का गेल्या की. टोपली घेऊन. मी म्हटलं रिक्षा बघतो, तर म्हणाल्या, थांबायला वेळ नाही.”

“कुठे गेली?”

“गुरांच्या डॉक्टरबाईंकडे. पायी.”

मास्तरांनी गाडीवाल्याला पुन्हा हाक मारली. गाडी पूर्ण थांबायच्या आत ते चढले. आक्का आम्हाला दवाखान्याच्या अलीकडच्या वळणावर दिसल्या. ज्या बाईला दुकानाची पायरी नीट दिसत नसे, ती भर रहदारीत वाहनांच्या आवाजाचा अंदाज घेत, टोपली पोटाशी धरून, भिंतीच्या कडेकडेने चालली होती. एक चप्पल तुटून मागे कुठेतरी राहिली होती. मास्तर उडी मारून उतरले. टोपली एका हातात घेतली आणि दुसऱ्या हाताने आक्कांचा दंड धरला.

डॉक्टरबाई वयाने लहान होत्या, पण हात अनुभवी होते. त्यांनी रफूचं पोट हळूच दाबून पाहिलं, एक्स-रे काढून आत काही अडकलं आहे का ते बघितलं, आणि नळी कानाला लावून बराच वेळ ऐकत राहिल्या.

“आतडी जवळजवळ थांबली आहेत. आवाजच नाही. चालती गिरणी बंद पडावी तसं. नशीब, पूर्ण अडकलेलं काही नाही. खाणं काय देत होतात, आजी?”

आक्कांनी सगळं सांगितलं. पाव, बिस्किट, गाजर. काही लपवलं नाही.

“आणि गवत?”

मास्तर म्हणाले, “गवत मी आणलं नाही.”

डॉक्टरबाई रागावल्या नाहीत. त्यांनी समजावून सांगितलं. सशाला उलटी करता येत नाही. आपण मांजर पाहतो, केसांचा गोळा ओकून मोकळं होतं. सशाला ती सोय नाही. पोटात गेलेलं पुढेच सरकायला हवं, आणि ते सरकवतं कोण? सुकं गवत आणि भरपूर पाणी. केस सगळेच ससे गिळतात. पोट चालू असलं तर ते गवताबरोबर निघून जातात. गवत तुटलं, फिरणं थांबलं, वर मैद्याचं आणि गोडाचं पडलं, तर गिरणी मंदावते आणि केस आत साचतात. “आणि ससा दुखलं म्हणून रडत नाही,” त्या म्हणाल्या. “तो खाणं सोडतो. अर्धा दिवस ससा जेवला नाही म्हणजे धावत यायचं. तुम्ही थोड्या उशिरा आलात. पण आलात.”

“वाचेल?” मास्तरांनी विचारलं.

“उद्या सकाळी सांगते. आज माझ्याकडे राहू दे.” दुखणं थांबायचं औषध टोचून झालं, कातडीखाली पाणी चढवून झालं, तेव्हा त्यांनी रफूच्या अंगावरून हात फिरवला. त्यांची मूठ केसांनी भरली. “किती साठलंय हे! विंचरता कशाने?”

“कशानेच नाही,” आक्का म्हणाल्या.

मास्तरांनी खिशात हात घातला आणि मला टेबलावर ठेवलं.

डॉक्टरबाईंनी मला उचलून स्वतःच्या मनगटावर फिरवून पाहिलं. “घोड्याचे केस? छान आहे हा. सशाची कातडी कागदासारखी पातळ, तारेच्या ब्रशाने सोलून निघते. हा मऊ आहे. साबणाने धुऊन, वाळवून वापरा.” मित्रांनो, वकीलसाहेबांच्या कौतुकानंतर कितीतरी वर्षांनी माझ्याबद्दल कुणी चांगलं बोललं होतं. पण मला त्याचा आनंद घेता आला नाही. टेबलावर रफू डोळे अर्धे मिटून पडला होता, आणि तो पांढरा चौकोन माझ्यापासून बोटभर अंतरावर वरखाली होत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी रफू घरी आला, पण बरा होऊन नव्हे. गिरणीने एकदा कुरकुर केली होती, एवढंच. डॉक्टरबाईंनी गवताची बारीक पूड आणि बिनसुईची सिरिंज दिली होती. पूड पाण्यात कालवायची आणि दर तीन तासांनी थोडी थोडी भरवायची. मास्तरांनी दुकानाच्या दारावर ‘आज बंद’ अशी पाटी लावली. आठवड्याच्या मधल्या वारी ती पाटी कधी लागलेली मी पाहिली नव्हती. घड्याळवाला येऊन विचारून गेला की घरात कुणाचं काही बरंवाईट तर नाही ना.

मास्तरांनी कापड बेतायच्या टेबलावर टॉवेल पसरला. रफूला त्यात गुंडाळला, तोंड तेवढं बाहेर. आक्कांनी त्याला धरलं. मास्तरांनी सिरिंज त्याच्या तोंडाच्या कडेने, दातांमागच्या मोकळ्या जागेतून, हळूच आत सरकवली. एक थेंब. थांबायचं. त्याने गिळलं की दुसरा थेंब. पण मास्तरांनी पुढचा थेंब जरा लवकरच पुढे केला.

“घाई करू नकोस,” आक्का म्हणाल्या. “माझ्या तळव्याला त्याचा गळा लागतोय. मी सांगते तेव्हा दे. हं, गिळलं. दे.”

आक्कांना दिसत नव्हतं, पण त्यांच्या हाताला कळत होतं. भरवून झालं की त्या दोन बोटांनी रफूचं पोट हलकेच चोळत. त्यात मऊ काय, घट्ट काय, कुठे वारा धरलाय, सगळं त्या सांगत. मास्तर ऐकत होते. मधेच ते म्हणाले, “आक्का, ते काज मी उसवलं होतं.”

“माहीत आहे.”

“तुला सांगून उसवायला हवं होतं.”

“हो,” आक्का म्हणाल्या. “उसवल्याचं मला काही नाही रे. वाकडंच होतं ते. पण चोरून उसवलंस. मी काय परकी होते?”

मास्तरांनी सिरिंज खाली ठेवली. “चुकलं माझं.” एवढ्या दोन शब्दांना त्यांना वर्ष लागलं होतं. आक्का पोट चोळत राहिल्या. “बरं, पाणी कोमट कर. गार झालंय,” त्या म्हणाल्या, आणि तो विषय तिथे संपला.

मला साबणाने धुऊन उन्हात वाळवलं होतं. दुपारी आक्कांनी आधी हात पाण्याने ओले केले आणि रफूच्या अंगावरून फिरवले, म्हणजे सुटे केस उडत नाहीत, तळव्याला चिकटून येतात. मग मला घेतलं. मानेपासून शेपटीकडे, केस जातात त्या दिशेने. वरून खाली. हे काम मला येत होतं! फक्त हा कोट गरम होता, आणि आत कुणीतरी श्वास घेत होतं. केसांचे ढीगच्या ढीग निघाले. टेबलावर दुसरा ससा बसलाय असं वाटावं इतके. मास्तरांनी ते निमूट गोळा करून टोपलीत टाकले.

त्यांनी गावाच्या टोकाहून दोन पिशव्या गवत आणलं होतं, ते रफूच्या चारी बाजूंना रचून ठेवलं. तो हुंगत नव्हता. दर तीन तासांनी भरवणं चाललं. तिसऱ्या दिवशी दुकान पुन्हा उघडलं. रफूला टेबलावर मोकळा सोडला होता आणि मास्तर एका गिऱ्हाइकाला कापड दाखवत होते, चांगलं उंची, फिकट राखी. रफू दोन उड्या मारून त्या कापडावर गेला. थांबला. शेपटी उचलली.

गिऱ्हाईक “अहो, अहो!” करून मागे सरकलं. मास्तर पुढे वाकले. एका केसासाठी जो माणूस घर डोक्यावर घेत असे, तो त्या उंची कापडाकडे डोळे विस्फारून बघत होता.

“आक्का!” ते ओरडले. “सात! आक्का, सात आहेत!”

आतून आक्का धडपडत आल्या. “केवढ्या?”

“लहान आहेत. पण सात! थांब, आठ!”

आक्का तिथेच टेबलाला टेकून बसल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. गिऱ्हाइकाला काही उमजेना. ते बिचारं बहीण-भावांकडे आळीपाळीने बघत राहिलं. आणि त्या गडबडीत रफूने, जसं काही झालंच नाही, गवताची एक काडी उचलली आणि कर्रकर्र खायला लागला.

या गोष्टीला आता चार वर्षं होऊन गेली. मुलीला प्राणी चालणारं घर मिळालं, ती रफूला न्यायला आली, आणि दोन दिवस राहून एकटीच परत गेली. म्हणाली, “इथून याला नेलं तर तुम्ही दोघं माझ्याकडे येऊन राहाल.” रफूची जागा पुन्हा दुकानात आहे. काळा कोट असला की त्यावर चादर टाकतात, एवढाच बदल. रोज सकाळी चहा झाला की आक्का त्याला दहा मिनिटं विंचरतात. केस गळायचे दिवस आले की संध्याकाळीही. गवत कधी संपत नाही, कारण पिशवी निम्मी झाली की मास्तर निघतातच. पाणी उथळ भांड्यात ताजं असतं. बिस्किट बंद. त्यावर रफूने आठवडाभर पाठ फिरवून निषेध केला, मग सोडून दिलं.

आणि आक्कांची खुर्ची रिकामी नसते. झालं असं, की डॉक्टरबाईंनी एकदा एका बसचालकाला आमच्याकडे पाठवलं. हा दांडगा माणूस, आणि त्याच्या टोपीत मावणारी पांढरी सशीण. “डॉक्टर म्हणाल्या, विंचरायचं कसं ते आक्कांकडून शिकून ये. मला भीती वाटते हो. माझ्या हातांनी हिचं काहीतरी मोडेल.” आक्कांनी त्याचे हात आपल्या हातात घेऊन चाचपले. “चांगले आहेत. आधी ओले करा,” त्या म्हणाल्या. मग त्याच्या मुठीत मला दिलं आणि वरून आपला हात ठेवून मला फिरवायला शिकवलं. त्याच्यानंतर एक शिक्षिका आली, एक रंगारी आला, एक कॉलेजातली मुलगी आली. आक्का प्रत्येकाला तेच विचारतात. गवत किती खातो? काल किती पडल्या? आज किती? लोक आधी हसतात. मग मोजू लागतात.

या कामात माझे केस एकेक करून गळाले. मास्तर परवा म्हणाले, नवा ब्रश आणतो. आक्का म्हणाल्या, आण, पण आधी मनगटावर फिरवून बघ. तो आला की मी निवृत्त होईन. मला त्याचं दुःख नाही.

मित्रांनो, जाता जाता माझं एकच मागणं आहे. तुमच्या घरात एखादा मुका जीव असेल तर त्याच्या गोडपणावर भुलून त्याच्या पुढ्यात तुमच्या आवडीचं काही टाकू नका. त्याला काय लागतं ते विचारून घ्या, आणि ते रोज द्या, उद्यावर ढकलू नका. दिवसातली दहा मिनिटं त्याच्या पाठीवरून हात फिरवा. त्याची ताटली बघा, त्याचं पाणी बघा, आणि नाक न मुरडता त्याची लेंडीही बघा. तो काही सांगणार नाही. ते बघून तुम्हालाच समजून घ्यावं लागेल. आमच्या दुकानात आज सकाळी मोजणी झाली. भरपूर आहेत, मोठ्या आहेत, आणि त्यातल्या दोन मास्तरांच्या चपलेत सापडल्या.